क्रीडांगणावरील औदार्य आणि त्याचें मोल

खेळांचा इतिहास बहुधा कोष्टकांतून लिहिला जातो. कोण जिंकला, किती धांवांनीं जिंकला, किती सेकंदांत धांवला, किती मीटर उडाला, ह्या प्रश्नांचीं उत्तरें नोंदवून ठेवण्याची व्यवस्था प्रत्येक देशांत आहे. परंतु कोण कोणासाठीं थांबला, कोणीं हातीं आलेला बळी परत केला, कोणीं पडलेल्यास उठविलें, ह्या गोष्टींसाठीं त्या कोष्टकांत रकाना नाहीं. त्यामुळें अशा गोष्टी आख्यायिकांच्या रूपानें लोकांच्या तोंडीं राहतात, आणि तोंडोतोंडीं फिरतां फिरतां गुळगुळीत होतात. मूळ प्रसंगांतील अडचण, संशय व नुकसान हीं झिजून जातात, आणि मागें उरतो तो केवळ एक गोड बोध. शाळेच्या बक्षीससमारंभांत पाहुण्यांनीं सांगावा आणि मुलांनीं घरीं पोंचण्यापूर्वीं विसरावा, असा.

आमच्या मतें ह्या गोष्टींची अशी गोड बोळवण करणें हा त्यांच्यावर अन्याय आहे. खेळांतील दया ही फुकटची वस्तु नव्हे. शर्यतींत जो थांबतो त्याचे सेकंद जातात. सामन्यांत जो प्रतिस्पर्ध्यास सोडतो त्याचा सामना जाऊं शकतो. जेथें कांहींच जात नाहीं, तेथें जें दिसतें तो शिष्टाचार असतो. तोहि चांगलाच, पण तें औदार्य नव्हे. म्हणून अशा प्रत्येक प्रसंगीं दोन प्रश्न विचारणें आम्हांस अवश्य वाटतें. ह्या कृतीचें मोल काय पडलें? आणि तें कोणाच्या पदरचें गेलें? ह्यांपैकीं दुसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो, आणि तोच अधिक अवघड आहे. गेल्या शतकांतील कांहीं प्रसंग ह्या दोन प्रश्नांच्या कसोटीवर घासून पाहण्याचा येथें आमचा विचार आहे.

प्रथम एक सावधगिरीची गोष्ट. इ. स. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकांतील जेसी ओवेन्स व लुट्स लाँग ह्यांची कथा बहुतेक वाचकांच्या परिचयाची असेल. लांब उडीच्या पात्रता-फेरींत अमेरिकेचे कृष्णवर्णी खेळाडू ओवेन्स अडचणींत आले असतां त्यांचे जर्मन प्रतिस्पर्धी लाँग जवळ आले, आणि फळीच्या थोडें अलीकडूनच उडी घ्यावी अशी युक्ति त्यांनीं सुचविली, असें सांगतात. ही कथा ओवेन्स ह्यांनींच पुढें वर्षानुवर्षें सांगितली. परंतु संशोधकांनीं तिच्याविषयीं सबळ शंका घेतल्या आहेत, आणि ती जशीच्या तशी सत्य मानणें आतां कठीण झालें आहे. मग उरलें काय? आमच्या दृष्टीनें जें उरतें तेंच अधिक मोलाचें आहे. अंतिम फेरींत ओवेन्स ह्यांनीं ८.०६ मीटर उडी मारून सुवर्णपदक मिळविलें, लाँग ७.८७ मीटरांवर राहिले. हरल्याबरोबर अभिनंदनास धांवून आले ते लाँगच. आणि ते दोघे हातांत हात घालून मैदानांतून चालले. ह्याचीं छायाचित्रें आहेत, साक्षी आहेत. वंशश्रेष्ठत्वाचा डांगोरा पिटणाऱ्या राजवटीच्या राजधानींत, तिच्याच हजारों प्रजाजनांसमक्ष, एका गोऱ्या जर्मनानें हें केलें. कानांत सांगितलेल्या युक्तीस साक्षीदार नसतो. सर्वांदेखत धरलेल्या हातास असतो. पुढें महायुद्धांत लाँग सैन्यांत गेले, आणि इ. स. १९४३ मध्यें सिसिलींत जखमी होऊन मरण पावले. कथेंतील संशयास्पद भाग गाळला तरी तिचें तेज कमी होत नाहीं, हें ध्यानांत ठेवून आपण पुढें जाऊं.

औदार्याचा सर्वांत निर्मळ प्रकार म्हणजे देणाऱ्याच्या स्वतःच्या पदरचा. त्याचें उदाहरण ऑस्ट्रेलियांत घडलें. इ. स. १९५६ च्या मार्च महिन्यांत मेलबर्न येथें त्या देशाच्या राष्ट्रीय स्पर्धा चालू होत्या. एक मैलाच्या शर्यतींत जॉन लँडी धांवत होते. चार मिनिटांच्या आंत मैल धांवणारे जगांतील पहिले रॉजर बॅनिस्टर व दुसरे लँडी; आज लँडी नवा विक्रम करतील अशी प्रेक्षकांची अपेक्षा होती. तिसऱ्या फेरींत रॉन क्लार्क हा एकोणीस वर्षांचा तरुण धक्का लागून पडला. मागून येणाऱ्या लँडी ह्यांनीं त्याच्यावरून उडी घेतली, आणि त्यांच्या बुटाचा खिळा त्याच्या दंडास लागला. लँडी थांबले; मागें फिरले; फार लागलें काय, अशी विचारपूस केली; क्लार्क उठून धांवूं लागल्यावरच त्यांनीं पुन्हां धांव घेतली. तोंवर इतर धांवपटू बरेच पुढें गेले होते. त्यांस गांठून लँडी ह्यांनीं ती शर्यत ४ मिनिटें ४.२ सेकंदांत जिंकली. विजय हातचा गेला नाहीं, पण विक्रमाची संधि गेली. आणि ती गेली ती सर्वस्वीं त्यांची स्वतःची होती. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत मेलबर्न येथें ऑलिंपिक भरलें, तेव्हां खेळाडूंच्या वतीनें शपथ घेतली लँडी ह्यांनीं, आणि मशालीनें ज्योत चेतविली ती क्लार्क ह्यांनीं.

हेच क्लार्क पुढें दीर्घ पल्ल्याच्या धांवण्यांत जगज्जेते ठरले. त्यांनीं सतरा विश्वविक्रम केले. परंतु ऑलिंपिकचें सुवर्णपदक त्यांच्या नशिबीं नव्हतें. इ. स. १९६४ मध्यें टोकियो येथें दहा हजार मीटरांत त्यांस कांस्यपदकावर समाधान मानावें लागलें. इ. स. १९६६ मध्यें ते प्रागला गेले, तेव्हां चेकोस्लोव्हाकियाचे विख्यात धांवपटू एमिल झाटोपेक ह्यांनीं त्यांचें आतिथ्य केलें. निरोपाच्या वेळीं झाटोपेक ह्यांनीं एक लहानशी पुडी त्यांच्या हातीं दिली. क्लार्क ह्यांनीं ती मागाहून उघडून पाहिली, तों आंत झाटोपेक ह्यांचें १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकांतील दहा हजार मीटरांच्या शर्यतीचें सुवर्णपदक! हेलसिंकी येथें झाटोपेक ह्यांनीं पांच हजार मीटर, दहा हजार मीटर व मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकल्या होत्या, हें खरें. तथापि घरांत तीन पदकें असलीं म्हणून त्यांतील एक देणें सोपें होतें असें ज्यास वाटतें, त्यानें आपल्या घरांतील तीन वस्तूंपैकीं एक देऊन पाहावी. दोन वर्षांनीं, १९६८ मध्यें, मेक्सिकोच्या विरळ हवेंत क्लार्क सहावे आले व शर्यत संपतांच कोसळले. झाटोपेक ह्यांनींहि त्या वर्षीं आपल्या देशांतील सुधारणावाद्यांचा पक्ष घेतला. सोव्हिएत सैन्य आल्यावर त्यांचा लष्करी हुद्दा गेला, आणि कित्येक वर्षें त्यांस अंगमेहनतीचीं कामें करावीं लागलीं. जें सरकारनें दिलें होतें तें सरकारनें काढून घेतलें. जें त्यांनीं स्वतः देऊन टाकलें होतें, तें मात्र कोणासहि काढून घेतां आलें नाहीं.

हेलसिंकीचें नांव निघालें म्हणजे मराठी वाचकास आणखी एका पदकाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. त्याच ऑलिंपिकांत कऱ्हाडजवळील गोळेश्वर गांवचे खाशाबा जाधव ह्यांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताच्या खेळाडूनें एकट्याच्या बळावर मिळविलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. परंतु एकट्याच्या बळावर हें शब्द आखाड्यापुरतेच खरे. तेथवर जाण्यास पैसा लागत होता, आणि तो सरकारी खजिन्यांतून पुरेसा आला नाहीं. गांवकऱ्यांनीं वर्गणी काढली. आणि कोल्हापुरांतील राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनीं आपल्या माजी विद्यार्थ्यासाठीं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन खाशाबा परतले तेव्हां शंभरांहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्या मिरवणुकीचें वर्णन सर्व जण करितात. पण गहाणखतावर सही करितांना प्राचार्यांच्या मनांत काय आलें असेल, ह्याचा विचार क्वचितच कोणी करितो. पदक मिळेल अशी हमी त्या कागदांत कोठेंहि नव्हती. खेळांतील औदार्य हें केवळ खेळाडूंचेंच असतें असें नव्हे. पदरमोड करून दुसऱ्यास आखाड्यापर्यंत पोंचविणारा मनुष्य त्याच पंक्तींत बसतो.

येथवरचे सर्व प्रसंग एका अर्थीं सोपे होते. देणारा स्वतःचेंच देत होता. ह्यापुढील प्रसंगांत वैराचीहि सामग्री तयार होती. इ. स. १९६२ च्या आरंभीं भारताचा क्रिकेट-संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होता. पहिले दोन कसोटी सामने गमावून तो बार्बाडोस बेटावर आला, आणि ब्रिजटाउन येथें स्थानिक संघाशीं सामना सुरू झाला. चार्ली ग्रिफिथ ह्यांच्या वेगवान चेंडूनें भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर ह्यांच्या डोक्यावर उजव्या कानाच्या वर आघात केला. फलंदाजांनीं शिरस्त्राण घालण्याचा तो काळ नव्हे. कवटी फुटली, आणि शस्त्रक्रियेसाठीं तातडीनें रक्ताची गरज पडली. ग्रिफिथ ह्यांचा चेंडू टाकण्याचा प्रकार आक्षेपार्ह आहे, अशी कुजबूज तेव्हांहि होती. त्याच सामन्यांत त्यांचा एक चेंडू फेकीचा ठरवून पंचांनीं नोबॉल दिला होता. म्हणजे परक्या बेटावर, कर्णधार मरणाच्या दारीं असतांना, भारतीयांच्या मनांत विष कालविलें जाण्यास कारणें कमी नव्हतीं.

अशा वेळीं रक्त देण्यास जे पुढें झाले त्यांत वेस्ट इंडीजच्या संघाचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते. भारतीयांपैकीं पुण्याचे चंदू बोर्डे, नाशिकास जन्मलेले बापू नाडकर्णी व सोलापुरास जन्मलेले पॉली उम्रीगर ह्यांनीं रक्त दिलें. चार खेळाडूंच्या रक्तांत तेथें कोणता भेद उरला होता? कॉन्ट्रॅक्टर वांचले. पुढें ते प्रथम श्रेणीच्या सामन्यांत पुन्हां खेळलेहि. मात्र कसोटी सामना त्यांच्या वांट्यास पुन्हां आला नाहीं. येथें एक गोष्ट विसरूं नये. ह्या रक्तदानामुळें वेस्ट इंडीजचा खेळ यत्किंचितहि सौम्य झाला नाहीं. पुढचा कसोटी सामना त्याच मैदानावर झाला. एकवीस वर्षांच्या पतौडींवर भारताचें नेतृत्व अकस्मात् येऊन पडलें. आणि मालिकेचे पांचहि सामने वॉरेल ह्यांच्या संघानें जिंकले. ह्यांत विसंगति आहे असें आम्हांस वाटत नाहीं. दया दाखवावयाची ती माणसास. त्याच्या फलंदाजीस नव्हे. प्रतिस्पर्ध्याची कींव करून मुद्दाम ढिला खेळ करणें हा त्याचा अपमान होय, आणि वॉरेल ह्यांनीं तो केला नाहीं. पांच वर्षांनीं, १९६७ च्या मार्चांत, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षीं वॉरेल रक्ताच्या कर्करोगानें वारले. बंगालच्या क्रिकेट-संघटनेनें १९८१ पासून त्यांच्या स्मरणार्थ तीन फेब्रुवारीस रक्तदानाचा उपक्रम चालविला आहे. पुतळ्याहून हें स्मारक आम्हांस अधिक समर्पक वाटतें.

आतां सर्वांत अवघड प्रसंग. तो आपल्या मुंबईंतच घडला. इ. स. १९८० च्या फेब्रुवारींत वानखेडे मैदानावर भारत व इंग्लंड ह्यांच्यांत नियामक मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाचा कसोटी सामना झाला. त्याच सुमारास खग्रास सूर्यग्रहण असल्यामुळें सामन्यास त्या दिवशीं सुट्टी देण्यांत आली होती. भारताचा पहिला डाव २४२ धांवांत आटोपला. उलट इंग्लंडचे ५८ धांवांत पांच गडी बाद झाले, आणि इयान बोथम ह्यांच्या साथीस यष्टिरक्षक बॉब टेलर आले. कपिल देव ह्यांच्या चेंडूवर यष्टीमागें झेल गेल्याची दाद मागण्यांत आली, आणि पंचांनीं बोट वर केलें. टेलर घुटमळले. भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ स्लिपमध्यें उभे होते. चेंडूस बॅट लागली नाहीं अशी त्यांची खात्री होती. त्यांनीं पंचांशीं बोलून दाद मागें घेतली, आणि टेलर ह्यांस परत बोलाविलें. पुढें जें झालें तें कोष्टकांत आहे. टेलर व बोथम ह्यांनीं सहाव्या गड्यासाठीं १७१ धांवा जोडल्या. बोथम ह्यांनीं ११४ धांवा केल्या व सामन्यांत तेरा बळी घेतले. आणि भारत दहा गड्यांनीं हरला. विश्वनाथ ह्यांनीं एकंदर दोनच कसोटी सामन्यांत भारताचें नेतृत्व केलें; हा त्यांतील दुसरा.

येथें आमचा दुसरा प्रश्न उभा राहतो. लँडी ह्यांनीं स्वतःचे सेकंद दिले, झाटोपेक ह्यांनीं स्वतःचें पदक दिलें. पण विश्वनाथ ह्यांनीं जें दिलें तें एकट्याचें होतें काय? दहा सहकाऱ्यांचे श्रम, कपिल देव ह्यांचा बळी, मैदानांत जमलेल्या सहस्रावधि प्रेक्षकांची आशा, ह्या साऱ्यांचा विश्वस्त म्हणून कर्णधार उभा असतो. विश्वस्तानें ठेवींतून दानधर्म करूं नये, हा व्यवहारांतील न्याय खेळास लागू नाहीं काय? हा आक्षेप क्षुद्र नव्हे, आणि देशाभिमानी म्हणून त्याची टवाळी करूनहि चालणार नाहीं.

आमचें उत्तर असें आहे. ठेव विश्वस्ताच्या हातीं असते, पण ती मुळांत त्या मालकाचीच असावी लागते. टेलर ह्यांचा बळी भारतास पंचांच्या चुकीनें मिळाला होता; तो भारताचा नव्हताच. दुकानदाराच्या गल्ल्यांत चुकून आलेला जादा रुपया गिऱ्हाईकास परत करणाऱ्या मुनिमास आपण उधळा म्हणत नाहीं, प्रामाणिक म्हणतों. म्हणून विश्वनाथ ह्यांच्या कृतीस औदार्य म्हणण्यापेक्षां सत्यनिष्ठा म्हणणें अधिक योग्य होईल. शिवाय पराभवाचें सारें खापर त्या एका क्षणावर फोडणेंहि हिशेबास धरून नाहीं. भारताचा दुसरा डाव १४९ धांवांत संपला, आणि त्यांत बोथम ह्यांनीं सात बळी घेतले. त्या सात बळींशीं टेलर ह्यांच्या फलंदाजीचा संबंध नव्हता.

खऱ्या अर्थानें औदार्य, आणि तेंहि संघाच्या खर्चानें, पाहावयाचें असेल तर तें ३१ जुलै १९११ चें नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनंतरचें, म्हणजे ३१ जुलै २०११ चें, इंग्लंडांतील ट्रेंट ब्रिज मैदान पाहावें. चहापानापूर्वींच्या शेवटच्या चेंडूवर चौकार गेला अशा समजुतीनें इंग्लंडचे इयान बेल क्रीज सोडून निघाले; चेंडू सीमेच्या आंत अडला होता; भारतीयांनीं यष्टीवरील गुल्ल्या उडविल्या, आणि नियमाप्रमाणें बेल धांवबाद झाले. चहाच्या वेळीं इंग्लंडच्या कर्णधारांनीं विनंति केली, आणि भारताचे कर्णधार महेंद्रसिंग धोनी ह्यांनीं दाद मागें घेतली. येथें पंच चुकले नव्हते. बळी भारताच्या हक्काचा होता. तो सोडला ही दया. मुंबईस सोडला तो न्याय. बेल ह्यांनीं पुढें आणखी बावीसच धांवा केल्या, आणि भारत तो सामना ३१९ धांवांनीं हरला; त्यामुळें त्या दयेचें मोल फारसें पडलें नाहीं. पण दान देतांना तें किती महाग पडेल हें धोनी ह्यांस ठाऊक नव्हतें, आणि विश्वनाथ ह्यांसहि नव्हतें. कृतीची पारख तिच्या क्षणीं व्हावयाची. निकालाच्या कोष्टकावरून नव्हे. विश्वनाथ जिंकले असते तर आपण त्यांस थोर म्हटलें असतें, आणि हरले म्हणून भोळे म्हणतों, तर तो दोष आपल्या तराजूचा आहे.

अलीकडे क्रिकेटांत यंत्राच्या साहाय्यानें पंचांचा निर्णय तपासण्याची सोय झाली आहे. त्यामुळें टेलर ह्यांच्यासारख्या फलंदाजावर होणारा अन्याय बहुतांशीं टळतो, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु यंत्र निर्णय शुद्ध करितें. दाद मागणाऱ्याचें मन तें शुद्ध करूं शकत नाहीं. आपण जें मागतों तें आपलें नाहीं हें ठाऊक असूनहि तें मागावें कीं नाहीं, हा प्रश्न पूर्वीं कर्णधारापुढें होता तसाच आजहि आहे. आणि पडलेल्या धांवपटूसाठीं थांबावें कीं नाहीं, प्रतिस्पर्ध्यास रक्त द्यावें कीं नाहीं, शिष्यासाठीं घर गहाण टाकावें कीं नाहीं, हें ठरविण्याचें यंत्र तर कोणीं काढलेलेंच नाहीं. नियमांनीं हीं कृत्यें कोणावर लादतां येत नाहींत. लादलीं तर तीं औदार्याचीं राहणार नाहींत. तीं करणाऱ्यांचा इतिहास मात्र नीट, हिशेबासह, लिहितां येतो. आणि तो तसा लिहिला गेला, तर पुढील पिढीच्या खेळाडूस निदान इतकें कळेल कीं, हा खर्च आजवर अनेकांनीं केला आहे, आणि तो करून कोणी दरिद्री झालेला नाहीं.